हयूभाऊचा शेवटचा सामना

रविवारी सकाळी अकोल्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा नामदेवराव फलाटावरच उभे होते, आणि चेहरा असा, की जणू गाडी मीच मुद्दाम हळू चालवत आणली होती. एका हातात छत्री, पायाशी ओल्या गोणपाटाने झाकलेली फुलांची टोपली. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“लवकर चला वो ताई. फुलं सुकून राहिले.”

नामदेवरावांचं अकोल्याच्या बाजारात फुलांचं दुकान आहे. मी बँकेतल्या नोकरीमुळे सहा वर्षं या गावात काढली, तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी फुटबॉलच्या मैदानावर उघडायची. नामदेवराव रोज संध्याकाळी दुकान बायकोवर टाकून तिथे हजर. मला फुटबॉल त्यांनीच शिकवला; म्हणजे कुणाला शिव्या द्यायच्या आणि कुणाला नाही, एवढं शिकवलं. शिव्यांतून कायमची सूट फक्त एकाला होती. दिनू. दर्यापूरजवळच्या खेड्यातून आलेला, मैदानाच्या मधोमध खेळणारा किडकिडीत मुलगा. सकाळी नामदेवरावांच्या दुकानात हार ओवायला बसायचा, दुपारी त्यांच्याच घरी जेवायचा, संध्याकाळी खेळायचा.

तो दिनू आता एक्केचाळीस वर्षांचा झाला होता आणि आज अमरावतीत शेवटचा सामना खेळणार होता. समोर अकोल्याचाच संघ. मला पुण्याला फोन नामदेवरावांनीच केला होता. “दिनू खेय (खेळ) सोडून राहिला, ताई. तुमी येता काय?” मी म्हटलं, तुम्ही जाणार असाल तर येते. त्यावर ते मला शेवंतीचा भाव सांगू लागले.

कारण त्या दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. मी बदली होऊन पुण्याला गेल्यावर काही वर्षांनी दिनू अकोल्याचा संघ सोडून अमरावतीला गेला. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरी मिळाली, तिथल्याच संघातून खेळू लागला. जाण्याचं दुःख नामदेवरावांनी गिळलं असतं. न सांगता गेला, हे मात्र त्यांच्या घशात अडकून बसलं. बारा वर्षं त्यांनी त्याचा एक सामना पाहिला नाही. आता पाहायला आजच्या पुढचा सामनाच उरला नव्हता.

“एवढंच इचारायचं आहे,” बसस्टँडकडे जाताना ते म्हणाले. “सांगून काहून नाई गेला? बस. मंग मी मोकया, तो मोकया.” थोडं चालून पुढे, “आन तसंही मले अमरावतीचा फूलबाजार पाहाचा आहे.”

फुलांवर पाणी मारायच्या नादात आमची मूर्तिजापूरवरून जाणारी थेट बस गेली. मग दर्यापूरची धरली. ही वाट लांबची, पण मला आवडते. दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, उभी तूर, वेचणी होत आलेल्या पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) राहिलेली पांढरी बोंडं. डोंगर नाही, वळण नाही. पुण्याचा माणूस इथे आला की पहिल्यांदा कंटाळतो आणि मग एवढं आभाळ बघून गप्प बसतो. मी दोन्ही करून चुकले आहे.

कंडक्टरने टोपली पाहून विचारलं, “हयूभाऊच्या मॅचले चालले काय?”

इथे माझ्या एका जुन्या फजितीबद्दल सांगायला हवं. अकोल्यात आले तेव्हा दिनूच्या पायात चेंडू आला की अख्खं मैदान ओरडायचं, “हयू! हयू!” मला वाटलं, पोराचं नाव ह्यू असावं, ख्रिस्ती असेल. नाताळला मी त्याला केक नेऊन दिला. त्याने निमूटपणे खाल्ला, आभार मानले. नंतर कळलं, की वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो आणि लोक ‘हळू’ म्हणताहेत. बाकी सगळे चेंडू आला की सुसाट पळायचे. दिनू थांबायचा, मान वर करून मैदान बघायचा, आणि मग तो कुणाला द्यायचा ते ठरवायचा. घाई नको, तू बघून घे, असं लोक त्याला सांगत. शिवी वाटावी अशी ती शाबासकी होती.

कंडक्टर आमच्या सीटच्या दांड्याला टेकून सांगू लागला. “मी त्याच्या इरुद्ध खेयलो आहे एकदा. माह्या पायातून तीनदा बॉल नेला त्यानं. चौथ्यांदा मी पडलो, त बॉल बाहेर मारून मले उठवाले आला. म्हने, लागलं काय? मी म्हटलं, लागलं नाई बाप्पा, लाज वाटून राहिली.” बस हसली. नामदेवराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे कान मात्र इकडेच होते.

दर्यापूरला उतरून आलूबोंडा आणि कढी खाल्ली. गरम बोंडा कुस्करायचा, वर पातळ आंबट कढी ओतायची आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायचं नाही. अमरावतीची बस यायला वेळ होता, म्हणून भरत आलेल्या एका जीपमध्ये आम्ही घुसलो. टोपली टपावर चढली. नामदेवराव दर दहा मिनिटांनी खिडकीतून हात बाहेर काढून टपावर थापटायचे. तिच्यात पिवळ्या शेवंतीचा एक भला जाड हार होता, हे मी गोणपाट सरकलं तेव्हा पाहिलं होतं. फूलबाजार बघायला निघालेला माणूस तयार हार कशाला नेतो, हे विचारायचं मी टाळलं.

आणि अमरावतीला पोचल्यावर नेमका घोटाळा झाला. समोर गिला वडा (दह्यात भिजवलेला डाळीचा वडा) दिसला. मीच म्हटलं, सामन्याला वेळ आहे, खाऊन घेऊ. आम्ही खुशाल उतरून बश्या हातात घेतल्या आणि जीप टोपलीसकट निघून गेली. नामदेवराव बशी घेऊनच चार पावलं धावले. मग थांबले. शर्टावर चिंचेची चटणी सांडली होती.

“आता कसा जाऊ त्याच्यापुढं?” ते म्हणाले. “हात हालवत?”

मला माझ्या जिभेचा राग आला. बाजारातून दुसरा हार आणू म्हटलं, तर त्यांनी बशी खाली ठेवली आणि तसेच मैदानाकडे चालू लागले. दुसऱ्याने ओवलेला हार ते दिनूच्या गळ्यात घालणार नव्हते.

मैदानावर ही गर्दी. अकोल्याहून ट्रक भरून माणसं आली होती, आणि गंमत म्हणजे दोन्ही गावांची माणसं मिसळून बसली होती. माझ्या शेजारी नांदगाव पेठच्या कारखान्यातल्या एक बाई होत्या, दिनूच्याच पाळीवर काम करणाऱ्या. त्या म्हणाल्या, “आमी फुटबॉल पाहाले नाई येत वो, याले पाहाले येतो. कारखान्यातबी असाच आहे. मशीन अडली की समदे धावतात, हा आधी उभा राहून पाहाते. मंग एकच पेच फिरवते.” बोलता बोलता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाल्या, “धूळ लय आहे आज.”

दिनू आला. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, उजव्या गुडघ्याला पट्टा. अर्धा तास खेळला. पळणं असं नव्हतंच. पण चेंडू आला की तेच थांबणं, तीच वर झालेली मान. दोन्ही गावं एका सुरात “हयू! हयू!” करत होती. शेवटी त्याने, चेंडू पायाला अंगठ्यापासून टाचेपर्यंत नेमका कुठे लागला ते कळू नये, असा एक पास दिला, अमरावतीच्या पोराने गोल केला, आणि अकोल्याची माणसंही उठून टाळ्या वाजवू लागली. मी रडले. धुळीचं नाव सांगणार नाही.

तो लंगडत बाहेर आला, माणसांनी घेरला गेला, आणि त्यातून त्याला नामदेवराव दिसले. सगळ्यांना बाजूला सारत तो सरळ आमच्यापुढे आला. वाकून पाया पडायला गेला, पण गुडघा वाकेना. नामदेवरावांनी दंड धरून त्याला उभं केलं आणि दंड धरूनच विचारलं,

“सांगून काहून नाई गेला मले?”

दिनू गोंधळला. “सांगून त गेलो होतो काका.”

“कवा?”

“दुकानावर आलो होतो ना. कोनाच्यातरी लग्नाची घाई होती, तुमी हार करून राहिले होते. पिशवी होती माह्या हातात. म्या म्हटलं, येतो काका. तुमी मान वर नाई केली, पन ‘ये’ म्हणाले.” त्याने घाम पुसला. “तुमी ये म्हटलं म्हणून त पाय उचलला. नाईतर माह्यानं जानं होत नव्हतं.”

आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. कोपऱ्यावर चहाला निघालेला ‘येतो’ म्हणतो आणि गाव सोडून निघालेलाही ‘येतो’च म्हणतो. ऐकणाऱ्याने फरक तोंडाकडे बघून ओळखायचा. नामदेवरावांनी त्या दिवशी तोंडाकडे बघितलं नव्हतं. बारा वर्षं एकाला वाटत होतं, पोरगा न सांगता गेला. दुसऱ्याला वाटत होतं, काकांनी आशीर्वाद दिला आणि मग विसरून गेले.

नामदेवरावांनी त्याचा दंड सोडला आणि आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, “हार आनला होता रे तुह्यासाठी. जीपवर राहून गेला.” आणि दिनूच्या ओल्या जर्सीवर डोकं टेकवून, शंभर माणसांदेखत, मोठ्याने रडले.

दिवस मावळायच्या आत परतीची बस होती. दिनू स्टँडपर्यंत आला. बस हलली तसा खिडकीशी हात ठेवून म्हणाला, “येतो काका.”

नामदेवरावांनी या वेळी मान पूर्ण वळवली. “कवा?”

“रविवारी. सकायीच.”

अमुक ठिकाणी काय पाहिलं, असं पुण्यात कुणी विचारलं तर या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. एक मैदान, एक हरवलेली टोपली. पण निरोप घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं, हे मी या वयात, एवढा लांबचा प्रवास करून शिकले.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मागे बाजाराचा गलका होता.

“आला वो ताई,” नामदेवराव म्हणाले. “दुकानात बसला आहे, शेवंती ओवून राहिला. वाकडीतिकडीच ओवून राहिला, पन राहिला.”

पुढे ते फुलांबद्दल बरंच बोलत होते. वऱ्हाडात ‘ओवतोय’ला ‘ओवून राहिला’ म्हणतात, हे मला ठाऊक होतं; मी मात्र त्यातलं ‘राहिला’ एवढंच ऐकलं.