कोरडी गोदी

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक धक्का असतो, जिथून त्याचं जहाज कायमचं सुटतं. माझं सुटलं रावेरकडच्या एका लहान स्टेशनच्या मालधक्क्यावरून. जहाज म्हणजे पॅसेंजर गाडी होती आणि ती लेट होती.

निरोप खरं तर फलाटावर व्हायचा. पण त्या दिवशी आमच्या केळीचं लोडिंग होतं, म्हणून वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला मालधक्क्यावरच बोलावलं. वॅगनमध्ये पानं अंथरून त्यांवर घड रचले जात होते. घडाला खरचटू नये म्हणून आबा हमालांवर ओरडत होते. ओरडता ओरडता मध्येच माझ्याकडे वळले. "जाय भो. तिथी गोदीत साहेब होशीन. इथी काय ठेवलंय? हिरीले पानी नाही."

केळी दिल्लीला निघाली, मी मुंबईला. ज्या विहिरीला पाणी नाही म्हणून मी गाव सोडत होतो, तिच्याच पाण्यावर पोसलेले घड माझ्या डोळ्यांदेखत वॅगनीत चढत होते. मला काही खटकलं नाही. मी बी.ए. झालो होतो.

विहिरीचा तळ आबांनी मला आदल्याच दिवशी दाखवला होता. जळगावचं हॉस्टेल सोडून मी पेटी घेऊन घरी आलो होतो. धाकटा सुधाकर आणि मी मिळून बाग करायची, हे मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. मला दुसरं काही नकोच होतं. पेटी ओट्यावर टेकवली नाही तोच आबा मला विहिरीवर घेऊन गेले. खाली नुसता गाळ चमकत होता. "पाह्य. दोघांचं कसं भागंन?" मी वाकून पाहिलं आणि माझी डाव्या पायातली चप्पल खाली पडली. टायरच्या तळाची, नवीकोरी. मी पायऱ्या उतरायला लागलो तर आबांनी दंड धरला. "राहू दे. मुंबईत बूट घेशीन." इतका उदार बाप मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. उरलेली उजवी चप्पल मी पिशवीत घालून मुंबईला नेली. का, ते विचारू नका.

मामांच्या ओळखीनं गोदीत टॅली क्लार्क झालो. जहाजातून उतरणारी खोकी मोजायची. साहेब म्हणजे उन्हात ज्याच्या डोक्यावर दुसरा कोणी छत्री धरतो तो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. दुपारच्या रिकाम्या वेळात मी इंग्रजी शब्दकोश चाळायचो. त्यात 'डॉक' म्हणजे गोदी, आरोपीचा पिंजरा, पगारातली कपात, जनावराची शेपूट छाटणं आणि कसलीशी रानभाजीसुद्धा. एका शब्दावर इतकी ओझी लादणारे लोक आपल्यावर राज्य करून गेले, यात नवल नाही.

पण मला भुलवलं ते ड्राय डॉकनं, कोरड्या गोदीनं. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पंपांनी सगळं पाणी उपसून टाकायचं. मग जहाजाचा तळ उघडा पडतो. काम झालं की पाणी परत आत. मी ते तासभर बघत उभा राहिलो होतो. पाणी उपसून तळ दाखवायची ही युक्ती परदेशातून आली, असा माझा समज होता.

दोन वर्षांनी रजेवर गावी गेलो. शेजारच्या बागेचे भिका नाना बांधावर भेटले. मला सगळं ठाऊक आहे असं धरूनच ते हसत सुटले. "तुह्या बापाची कमाल हाये भो! तू येणार त्या दिवशी दोन मोटारी लावून हिरीतलं बठ्ठं पानी माह्या बागेत सोडलं. म्या म्हटलं, आबा, येडा झाला का? तर म्हने, पोरगं येऊन राह्यलं, त्याले तळ दाखवाचा हाये. चार दिवसांत हीर होती तशी भरली!"

मी विहिरीवर गेलो. पाणी वरच्या पायरीला लागलं होतं.

जेवताना आबांना विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही. "दोघं राह्यले असते तर बांधावर डोके फोडले असते. तू शिकेल हाये, कुठीबी खाशीन. त्याले कोन इचारंन?" सुधाकर ताटात बघत होता. मग आबा म्हणाले, "खरं सांगितलं असतं, तर गेला असता का तू?"

नसतो गेलो. म्हणून तर ते सांगायला हवं होतं.

तेवढ्यात आईनं माझ्या ताटात मांडा वाढला. सण नव्हता. आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात ते पाहुण्यासाठी. घरचा माणूस कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर खातो. "आई, भाकर नाही का?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तू काय आता रोज येतो का रे?"

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, घर म्हणजे काय यावर गेलेल्या लोकांनी फार हळवं लिहून ठेवलं आहे. माझ्यापुरतं सांगतो. जिथं तुम्हाला न विचारता भाकर वाढतात ते घर. मुंबईत मला पोळी मिळते, गावी मांडे.

आबा गेले. मग गावात बोअर आले, आणि जिकडेतिकडे विहिरी आटल्या. यंदा मेमध्ये गेलो तेव्हा सुधाकर म्हणाला, "भाऊ, चाल, हीर दाखवतो." मी त्याच्याकडे बघितलं. तो ओशाळला. "आता खरंच नाही पानी," म्हणाला.

या वेळी दंड धरायला कोणी नव्हतं. मी तळापर्यंत उतरलो. गाळ वाळून भेगाळला होता. त्यात चप्पल सापडली, टायरचा तळ अजून शाबूत.

उजवी मी गोदीत कायम झालो त्या दिवशी फेकून दिली होती.