भिंतीच्या पोटात

अकोल्यातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत मे महिन्यात हाताला चटका द्यायची. अर्धांगवायू झालेल्या बाबांचा पलंग तिलाच लागून होता, कारण दुसरीकडे जागा नव्हती. शेवटी गवंडी रहीमभाईंनी बाहेरून आणखी एक भिंत उचलली आणि मधल्या पोकळीत थर्माकोलच्या जाड पाट्या बसवल्या.

आई म्हणाली, "एवढं काम झालं, पण दिसत तर काहीच नाही."

"दिसणार नाहीच, ताई. दुपारी हात लावून बघा."

माणसांची मायाही पुष्कळदा अशीच आत राहते. दुपारी चारला बाहेरची वीट रोजच्यासारखीच तापली होती. बाबांनी आपला धड हात भिंतीला टेकवला आणि तिथेच राहू दिला. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगावर टाकायला ओला पंचा घेऊन उभा होतो.

"नको," ते जड जिभेने म्हणाले, "झोपतो आता."