कडब्याच्या गंजीमागे

वाळल्या कडब्याचा वास आला की आजही दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, केमोचे दिवस आठवतात. बीडहून सलाईन घेऊन परतलं की दादा तांब्या उचलून एकटेच रानात जायचे. "मला काईच तरास न्हाई," म्हणायचे. मला वाटायचं, हे कुण्या वैदूची पुडी चोरून खातात. एकदा मी मागोमाग गेले. गंजीआड दादा ओणवे होऊन ओकत होते.

"घरात कावून सांगत न्हाई तुमी?"

"तुझ्या मायला कळलं की तीबी जेवत न्हाई, बाई."

मी त्यांची पाठ चोळली. मणके बोटांना लागत होते. तोंड धुऊन ते म्हणाले, "आता हसत जायचं."

आम्ही हसतच घरी आलो. चुलीपुढची माय आमच्या तोंडांकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, असं आता वाटतं.