एकदा दाबून थांबणारे अण्णा

माझं सगळं बदललं ते काकूंचा चहाचा कप फुटला त्या क्षणी. कप सेलूत फुटला, आणि फोडणारा मी ताडकळसला आमच्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. अण्णांची आणि माझी खरी ओळख तिथून सुरू होते, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करतो.

श्री. नरहरराव शेळगे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी मोठी माणसं लिहितील. मी परभणीला डिप्लोमा करत होतो, तो वर्गात भांडून मधेच सोडला. भांडणात चूक माझी होती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याच्याशीही भांडलो असतो. असा माणूस अण्णांच्या उंबऱ्यावर कसा पोचला, ते आधी सांगतो.

अण्णांच्या नातीनं विज्ञान प्रदर्शनासाठी रोबोटचा एक छोटा हात केला होता. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सहा लहान मोटारी, टोकाला चिमटा. नात पुण्याला शिकायला गेली आणि हात अण्णांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. पुण्यात बसून आपला हात चालवावा, अशी तिची इच्छा होती. अण्णा त्यासाठी माणूस शोधत होते. माझ्या मावसभावानं माझं नाव सांगितलं. मी सेलूला जाऊन दोन दिवसांत हात इंटरनेटला जोडला, वर कॅमेरा बसवला आणि ऐटीत म्हणालो, "अण्णा, आता ताडकळसहून चालवून दाखवतो."

आमच्या गावात रेंज कशी असते ते आपल्याला माहीत आहे. फोनवर 'डावीकडे' दाबलं, चित्र हललं नाही. परत दाबलं. परत, परत. मग दाबलेलं सगळं एकदम पोचलं आणि हात असा फिरला की फळीवरचा कप थेट खाली.

फोनमधून अण्णांचा आवाज आला, "किती येळा दाबलंस?"

"एकदाच."

"खोटं बोलू नको. एकदा दाबल्यावर ह्यो चार बोटं सरकतो. कप हातभर लांब व्हता."

मागून काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, "त्येला म्हनावं, येताना कप घिऊन ये."

मी चिडलो. नेटवर्कला शिव्या दिल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "नेटवर्क उशिरा येतंय हे तुला ठावं हाय ना? मंग घाई नेटवर्कची का तुझी?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच सेलूला गेलो. पिशवीत नवा कप होता, तरी भांडायलाच गेलो. शेडचं दार असं ढकललं की पत्रा थरथरला आणि फळीवर मांडलेली कडब्याची इवलीशी मोळी खाली पडली. अण्णांनी ती उचलून परत मांडली.

"दार हाय ते," म्हणाले, "वैरी न्हाई."

अण्णांचं मूळ गाव जिंतूर तालुक्यात. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. त्यांच्यासोबत अण्णा साखर कारखान्याच्या आवारात आले आणि तिथंच राहिले. आधी उसाच्या मोळ्यांना साखळी बांधली. मग खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा केल्या. शेवटी स्वतःच वर केबिनमध्ये क्रेनचे दांडे धरून बसले. सत्तावीस हंगाम त्यांनी गाडीतला ऊस उचलून गव्हाणीत टाकला, म्हणजे जिथून ऊस गाळपाला आत सरकतो तिथं. त्यामुळं नातीचा हात त्यांना नवा वाटलाच नाही. लांबून चालवायचा हात त्यांनी जन्मभर चालवला होता.

त्या दिवशी माझं भांडण ऐकून घेऊन झाल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"नवा मानूस क्रेनवर कसा चुकतो सांगू? दांडा सोडला तरी मोळी झुलती. त्येला वाटतंय, ही आपलं ऐकंना. मंग उलटा वढतो. ती आनखीन झुलती. खाली मानसं उभी असतेत, बाबा. मोळी तुझ्या मागून येती. तिला येऊ दे."

"म्हणजे करायचं काय?"

"एकदा दाबायचं. बोट उचलायचं. बघायचं."

हे मला कुठल्या वर्गात शिकवलं असतं तर मी खिडकीबाहेर बघत बसलो असतो. अण्णांनी मला परत ताडकळसला पाठवलं आणि तीच रेंज, तोच फोन वापरायला लावला. कडब्याच्या धाटाची सहा कांडं दोऱ्यानं बांधून केलेली मोळी खेळण्यातल्या ट्रॉलीतून उचलायची आणि चपलांच्या खोक्यात टाकायची. खोकं म्हणजे गव्हाण. मी दाबलं, बोट उचललं, दातओठ खाऊन थांबलो. परत दाबलं. एवढ्याशा कामाला अर्धा तास गेला. मोळी खोक्यात पडली तसा मी गच्चीवर ओरडलो. फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "कारखाना सुरू झाला."

त्यानंतर मी आठवड्यातून तीनदा सेलूला जायला लागलो. शेडमधल्या फळीवर पाच साधनं ओळीनं ठेवलेली असत: फोन, गेम खेळायची जॉयस्टिक, मी शिवून आणलेला तारांचा हातमोजा, काकूंच्या शिलाई मशीनचं पायडल आणि भंगारातून मिळवलेले क्रेनचे दोन दांडे. पाचही त्याच एका हाताला जोडता येत. बघायला येणाऱ्याला अण्णा पाचही देत आणि कुठलं चांगलं ते कधी सांगत नसत. "हात ज्याचा, दांडा त्याचा," हे त्यांचं उत्तर. नात पुण्यातून जॉयस्टिक वापरते. स्वतः अण्णा दांडेच धरतात. फोनविषयी त्यांचं मत पक्कं आहे: "काचंवर बोट फिरवून बोटाला काय कळतंय? नुसती काच कळती."

माझा हातमोजा मला सगळ्यांत भारी वाटायचा. आपण बोट वाकवलं की तिकडं चिमटा मिटतो, मनगट वळवलं की तिकडचं मनगट वळतं. एकदा घरी वडिलांशी कडाक्याचं भांडून आलो आणि तसाच हातमोजा चढवला. हात इतका हिसके मारायला लागला की खांद्याच्या मोटारीचे दातेच गेले. आता अण्णा बोलणार म्हणून मी मान ताठ करून उभा राहिलो. त्यांनी मोटार काढली, कानाशी फिरवून बघितली आणि म्हणाले, "मोटर गेली. राग ऱ्हायला." मग दोघांनी मिळून नवी मोटार बसवली. घरी काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

पायडल फळीवर आलं ते आमच्या गावच्या एका मावशींमुळं. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेलेली. त्या सेलूच्या बाजाराला आल्या की माझ्यासोबत शेडमध्ये डोकवायच्या, पण फळीला हात लावायच्या नाहीत. अण्णांच्या ते लक्षात आलं. पुढच्या खेपेला काकूंच्या मशीनचं पायडल हाताला जोडलेलं होतं. त्या दिवशी काकूंचं शिवण बंद. मावशींनी पायानं चिमटा उघडला, मिटला आणि पहिल्याच दमात मोळी उचलली. म्हणाल्या, "लय ग्वाड हाय हो. आता ह्येला भाकरी थापायला शिकवा."

अण्णा म्हणाले, "आधी मला तर येऊ द्या."

"पन्नास वर्सं झाली," काकू आतून म्हणाल्या, "अजून न्हाई आली."

अण्णांचा सरळपणा सांगणारा एक प्रसंग इथं नोंदवतो. गावातल्या शाळेनं हाताचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून मी सुचवलं, की सगळ्या हालचाली आधीच भरून ठेवू. अण्णांनी फक्त दांडे धरून बसायचं, हात आपोआप मोळी टाकेल. ते म्हणाले, "मंग मी कशाला बसू? पंखा बी आपुआप फिरतो. त्येच्याम्होरं कुनी टाळ्या वाजवतंय का?" प्रात्यक्षिकात मोळी दोनदा निसटली. अण्णांनी पोरांना सांगितलं, "निसटली. बघा आता, परत कशी धरायची." टाळ्या तिसऱ्या खेपेला पडल्या.

आता जे लिहितो ते ग्रंथाला शोभत नाही, असं संपादकांपैकी एकांचं म्हणणं आहे. शोभत नसेल. अण्णांचा मोठेपणा मला इथंच कळला, तेव्हा हा मजकूर राहील.

कॉलेजात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, कारण हा ग्रंथ तिच्याही घरी जाऊ शकतो. तिला मी मनातलं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचार करायला वेळ दे." मी अर्धा दिवस दिला. मग मेसेज, त्यावर मेसेज. कॉलेज सुटलं तरी मेसेज सुटले नाहीत. शेडमध्ये काम करताना माझा डोळा सारखा फोनकडं.

"कुनाची वाट बघायलास?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत. दांडे सोडून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "किती येळा दाबलंस?"

मी फोन पुढं केला. ते बोटानं वर सरकवत राहिले. सगळं एकाच बाजूचं, माझं. बराच वेळ सरकवूनही तिच्या शब्दापर्यंत पोचले नाहीत.

"ती काय म्हनली व्हती?"

"वेळ दे म्हणाली."

"दिलास?"

मी त्यांच्या हातातून फोन परत घेतला.

"मोळीखाली मानूस उभा हाय रं," अण्णा म्हणाले.

ते मला सोसलं नाही. दार आपटून निघालो आणि आठ दिवस फिरकलो नाही. त्या आठ दिवसांत अण्णांनी मला एकदाच फोन केला. मी उचलला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा केला नाही. मी रोज फोनकडं बघायचो, की आता येईल. अण्णा एकदा फोन करून थांबले होते; तिला मी तेवढं थांबणंही दिलं नव्हतं, ते मला या न आलेल्या फोननं कळलं. नवव्या दिवशी गेलो. अण्णा दांड्यांवर बसलेले. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "चहा घे. कप तुझाच हाय."

त्या दिवसापासून मी तिला एकही मेसेज केला नाही. सोपं गेलं, असं म्हणणार नाही. फार हात शिवशिवले तेव्हा अण्णा मोळी मांडून देत आणि मी दाबून थांबत बसे. उन्हाळा गेला, सोयाबीनचा पेरा झाला.

हा लेख मी शेडमध्येच बसून लिहिला. अण्णा समोर दांडे पुसत होते. या ग्रंथाला साजेसं मागणं मागायचं तर असं: अण्णांचे हात पुढचे कितीतरी हंगाम दांड्यांवर स्थिर राहोत, नजर मोळीवर राहो, काकूंचा आणि त्यांचा चहा रोज दोन कपांत निवांत होवो, आणि माझ्यासारखे आपटत येणारे त्यांच्या दारात येत राहोत. दोघांनाही निरोगी, भरपूर आयुष्य लाभो.

एवढं लिहिलं आणि फोन वाजला. तिचा मेसेज होता. "परीक्षा संपली की बोलू. तोवर नको."

मी लांबलचक लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी लिहिलं, "बरं." पाठवलं आणि बोट उचललं.

अण्णांनी मान वर केली नाही. "किती येळा?"

"एकदा."

"खरं?"

"तुम्ही बघा."

"कशाला बघू?" ते म्हणाले आणि दांडे धरले. समोर ट्रॉलीत मोळी होती, हात नुकताच तिच्यावर उतरायला लागला होता. मी फोन फळीवर हातमोज्याशेजारी ठेवला, बाहेर आलो, पत्रा वाजू नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच ओढून घेतलं.