नानांच्या मोटारसायकलचा आवाज

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो माझ्या चुलत्यांमुळं, नानांमुळं. रॉकेलचा वास आला की किकवी गावातल्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. नानांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन आम्ही काकीच्या परातीत धुऊन पुन्हा जुळवत होतो. "आता भाकरी पिस्टनवर थापू व्हय?" काकीनं विचारलं, पण नानांना तोवर ऐकू येईनासं झालं होतं. शेवटचा नट आवळून मी किक मारली आणि गाडी धडधडली. टाकीवर तळहात ठेवून नाना म्हणाले, "आवाज पयल्यासारखाच हाय का रं?" मी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. पुण्याला परतल्यावर मी पत्र टाकलं: "नाना, भोरला कॉलेजपाशी मला सोडून तुम्ही निघालात, की गाडी वळणाआड गेल्यावरही जो आवाज मला ऐकू यायचा, तोच आहे."