ढाप्याचा लिलाव

आमचं गाव लासलगाव आणि मनमाडच्या मधे कुठंतरी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर नगरपंचायत उद्या माझ्याच दारापुढचा ढापा काढून नेईल.

ढापा म्हणजे गटारीवरची फरशी. गोटीरामनानांच्या दारापुढचा ढापा एका ट्रकखाली फुटला आणि तिथं कमरेइतका खड्डा उघडा पडला. नानांची बायको फुलाबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाल्या, त्या थेट त्यात गेल्या. पाय मोडला, जुळलाही; पण भीती काही गेली नाही. सात महिने बाईंनी उंबरा ओलांडला नाही. समोरच्या सविताला मुलगी झाली, तिचं रडणंसुद्धा खिडकीतूनच ऐकायच्या. गल्लीत कुणाकडं कसली भाजी शिजतेय हे जिला वासावरून कळायचं, ती बाई अशी घरात कोंडलेली पाहून माझं डोकं फिरायचं.

नाना अर्ज देत होते. अभियंता साहेब दर वेळी म्हणायचे, "आठ दिवसांत करतो." सात महिन्यांत त्यांचे आठ दिवस काही भरले नाहीत.

आता नाना म्हणजे कांद्याच्या यार्डात चौतीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस. घरात मीठ मागितलं तरी शेजारी आम्ही दचकतो.

ऑगस्टमध्ये तक्रारी ऐकायला नगरपंचायतीनं सभा बोलावली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून सत्तेतले महेशभाऊ आणि विरोधातल्या संजनाताई, दोघंही पुढच्या रांगेत हजर. नानांची पाळी आली. साहेब मान वर न करता म्हणाले, "आठ दिवसांत करतो."

नाना खुर्चीवर चढले.

"चला, गटारीचा ढापा! साहेबांची बोली आठ दिवस! आठ दिवस एक वार! बोला, कमी कोण करतंय?"

सभेला आलेले सगळे कांदेवाले. डुलक्या घेणारेसुद्धा सावरून बसले. महेशभाऊ स्वतः कांद्याचे व्यापारी, त्यांना बोली ऐकून कसलं राहवतंय!

"पाच!"

"तीन!" संजनाताई ओरडल्या. त्यांच्या हातात ना सत्ता, ना सिमेंट. पण बोलायला काय जातंय?

"दोन!"

"उद्या सकाळी!"

"अहो, निविदा..." साहेब म्हणत होते, पण त्यांच्याकडं कुणी बघेना.

महेशभाऊ ताडकन उठले. "आज! दिवस मावळायच्या आत!"

"आज एक वार! आज दोन वार! आज तीन वार!" नानांनी टेबलावर अशी थाप मारली की साहेबांचा चहा सांडला. "महेशभाऊंना सुटला!"

आमच्याकडं निवडणुकीतला शब्द फिरवला तर लोक हसून सोडून देतात. पण तीन वार झाल्यावर बोली फिरवली, तर यार्डात तोंड दाखवायची सोय राहत नाही. पाच वाजता ट्रॅक्टर आला आणि चौघांनी ढापा बसवला. तो नगरपंचायतीच्या दारातूनच उचलून आणलेला होता. साहेब आता ऑफिसात उडी मारून जातात.

फुलाबाई उंबऱ्यात आल्या. काठीनं ढापा तीनदा ठोकला, एक पाय ठेवला, मग दुसरा. तशाच समोर गेल्या आणि सविताची लेक मांडीवर घेतली. माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

नाना गळ्यात हार घालून ओट्यावर बसले होते. जो येईल त्याला लिलाव पहिल्यापासून ऐकवत होते. परतताना बाई ढाप्यावरच थांबल्या.

"अहो, मोरीचा नळ दिवाळीपासून गळून राहिलाय. कधी करता?"

"करतो ना, आठ दिवसांत..."

"आठ दिवस एक वार!" फुलाबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं. "बोला, कमी कोण करतंय?"

"उद्या सकाळी!" मी माझ्या दारातून ओरडलो.

नानांनी माझ्याकडं खाऊ का गिळू असं पाहिलं, हार काढून खुंटीला लावला आणि पाना शोधायला आत गेले.