माणसाला कडता नसतो

निराश माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण जळकोटच्या कंपाउंडर मामांइतका मन लावून, वेळच्या वेळी आणि कुणाचंही वाईट न चिंतता निराश होणारा माणूस दुसरा पाहिला नाही. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि अख्ख्या गावाचे मामा होते. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सकाळी दात घासताना त्यांच्याशी नजरानजर झाली की दिवस कसा जाणार ते कळायचं, कारण ते सांगूनच टाकायचे. शाळेची तपासणी असली की "शेरा बसतोय सर तुमाला," आणि गावी निघालो की "गाडी चुकतीय तुमची." एकदा खरोखरच गाडी चुकली, तर माझ्यापेक्षा तेच जास्त हळहळले आणि मामींकडून पिठलं-भाकरी पाठवली. पिठलं अळणी झालंय, असा निरोपही सोबत होता. पिठलं उत्तम होतं.

लोकांना या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण लोक मुद्दाम त्यांच्याकडे यायचे. बैल आजारी पडला की डॉक्टरांच्या आधी मामांना दाखवायचे. मामा बैलाच्या डोळ्यांत बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "जातंय हे." मग रात्रभर त्याच बैलाच्या अंगावर हात फिरवत बसायचे. चार दिवसांनी बैल उठून वैरणीला लागला की मालकाला तो फुकटात मिळाल्यासारखा वाटायचा. एका नवरदेवाला तर त्यांनी मांडवातच सांगितलं होतं, "जमायचं न्हाई बाबा तुमचं." त्या जोडप्याला पुढं तीन मुलं झाली आणि दर दिवाळीला त्यांच्याकडून मामांना जिलबी यायची. जिलबी खातखात मामा म्हणायचे, "आजून येळ गेली न्हाई."

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमाराला पाऊस गायब झाला. गावात तेव्हा दोनच विषय होते, नवी ऑफिसं कुठं येणार आणि पाणी कुठून येणार. मामांचं दोन्हींवर एकच उत्तर होतं, "येत न्हाईत." बाकीच्या वर्षांत त्यांचे अंदाज पाच-पन्नास चुकायचे, त्या वर्षी मात्र एकही चुकला नाही. दवाखान्यात आणलेली गुरं खरोखरच जाऊ लागली. तेव्हा मी पाहिलं, की मामांनी गुरांबद्दल बोलणंच बंद केलं आहे. नुसती पाठ थोपटायचे आणि मालकाला चहा पाजायचे.

या माणसाला जगात एकाच गोष्टीचं वेड होतं, आणि ते म्हणजे बॉक्सिंग. तरुणपणी फौजेत असताना ते भारी वजनाच्या गटात खेळले होते. आमच्या भागात कुस्ती म्हटलं तर शेंबडं पोरगंही डाव सांगेल, पण हा ठोसे मारायचा खेळ मामांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. त्यांना शिष्य मिळाला तोही एकच. गौतम नावाचा, पंचविशीतला, दाराच्या चौकटीत न मावणारा गडी. दिवसभर रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी बुद्धविहाराच्या मागच्या पटांगणात मामांसमोर उभा राहायचा. तिथं लिंबाला भुसा भरलेलं पोतं टांगलं होतं. दुष्काळ वाढला तसा एका सकाळी मामांनी तो भुसा काढून शेजारच्या म्हशीपुढं टाकला आणि पोत्यात मुरूम भरला. गौतमचे हात सुजले. मामा म्हणाले, "आता म्हैस बी जातीय अन् हात बी."

अशात बातमी आली, की नांदेडला दोन जिल्ह्यांचे सामने होणार आहेत. भारी वजनात नांदेडचा जो चॅम्पियन होता, त्याच्यासमोर पाच वर्षांत कुणी दुसरी फेरी पुरी केली नव्हती. नव्या जिल्ह्याकडून त्याच्यासमोर गौतमचं नाव गेलं. आमच्या जिल्ह्यात पोलीस भरती निघणार, आणि सामना जिंकून आलेल्याचा तिथं आधी विचार होणार, अशी बोलवा होती. गौतमच्या घरात सहा माणसं त्या खडीवर जगत होती, त्यामुळं त्या बोलवेला केवढं वजन होतं ते सांगायला नको.

तीन महिने रोज संध्याकाळी मामा त्याला सांगायचे, "हरतूस तू. पयल्याच फेरीत. त्येचा हात तुज्याहून वीतभर लांब हाय, अन् तुजा डावा खाली पडून राहिला."

"हाव मामा," म्हणून गौतम डावा हात वर घ्यायचा.

मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, हरणारच आहे तर शिकवता कशाला?" मामांनी डोलणारं पोतं हातानं थांबवलं. मग म्हणाले, "मला बी फौजेत असंच एका दांडग्याम्होरं उभं ऱ्हायाचं हुतं सर. उस्ताद म्हनले, जमायचं न्हाई, नाव काडून घे. म्या घेतलं. खरंच बोलले असतील ते. पर आज बावीस वर्सं झाली, म्या हरलो असतो का न्हाई, ते माजं मलाच म्हाईत न्हाई."

नांदेडला आम्ही तिघं एसटीनं गेलो. मैदानावरचा वजनकाटा बिघडलेला होता, म्हणून संयोजकांनी मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, पोती तोलायचा काटा आणवला, आणि काट्याबरोबर त्याचा म्हातारा मापाडीही आला. भारी गटाला एक्क्याऐंशी किलोच्या वर वजन लागत होतं. दुष्काळानं गौतमच्या अंगावरचं बरंच नेलं होतं, तरी काटा ब्याऐंशीवर थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला. मापाड्यानं मात्र खणखणीत आवाजात पुकारलं, "ऐंशी!" मोंढ्यात पोत्याच्या वजनातून बारदान आणि माती-कचऱ्यापोटी दोन किलो कडता कापायचा रिवाज होता, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं माणसाचाही कापला. चॅम्पियनचाही कापला होता, पण एकशे आठातून दोन गेले काय अन् राहिले काय.

संयोजक म्हणाले, ऐंशी म्हणजे खालचा गट. तिथं आमच्या जिल्ह्याचा गडीच आला नव्हता, आणि समोर होता देगलूरचा एक सर्दी झालेला कारकून. गौतमनं त्याला एका हातानं झोपवलं असतं. सामना, कप, पुढं पोलिसाची टोपी, सगळं दोन किलो कडत्यात आयतं समोर आलं होतं. गौतम मामांकडे बघत राहिला. मी मामांचा शर्ट ओढून म्हणालो, "गप्प बसा." मामांनी डोळे मिटले. मग पुढं होऊन मापाड्याला हात जोडले आणि म्हणाले, "माणूस हाय हे, पोतं न्हाई. माणसाला कडता नसतो दादा. पुन्ना बघा." या वेळी मापाड्यानं ब्याऐंशी पुकारलं.

गौतम हरला. पहिल्या फेरीत हरला नाही, दुसऱ्या फेरीत खाली पडला आणि पंचांनी आठ आकडे मोजल्यावर उठला. मामा कोपऱ्यातून सारखे ओरडत होते, "हरून राहिलास तू, हात वर घे!" तिसरी फेरी संपल्याची घंटा झाली तेव्हा तो उभा होता. एक डोळा बंद आणि डावा हात वर. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या चॅम्पियनला गुणांवर जिंकावं लागलं. खालच्या गटाचा कप देगलूरचा कारकून न खेळताच घेऊन गेला.

भरतीत गौतमचं काही झालं नाही. रस्त्याचं काम बंद पडलं तेव्हा तो हैदराबादला एका गोदामात हमालीला निघाला. मला तेव्हा मामांचा राग आला होता आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला. ते एवढंच म्हणाले, "माज्यावानी तो इचार करत बसला नसता का, सर?" हे बरोबर की चूक, ते मला आजही सांगता येत नाही.

स्टँडवर आम्ही दोघंही पोचवायला गेलो. गौतम पाया पडला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणाले, "जमंल तुला."

गौतमचा चेहरा उतरला. "मामा, असं नका म्हनू," तो म्हणाला. "हरतूस म्हना. तुमी हरतूस म्हनलं की मला उभं ऱ्हाता येतं."

गाडी हलली. गौतम खिडकीतून बघत होता, आणि मामा गाडीच्या बाजूनं चालत शेवटी एवढंच म्हणाले, "हरतूस. डावा हात वर ठेव."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लातूरला स्थायिक झालो. इथं भेटेल तो मला, सगळं छान होईल, असंच सांगतो. अशा वेळी मला मामांची फार आठवण येते.